कानस उचलण्याआधी अडतंय कुठे ते शोधा

वाचकाचं पत्र

नमस्कार. लाकडी जहाजाचं मॉडेल करण्याची माझी ही पहिलीच वेळ. दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, प्रमाण १:६४. प्लायवूडची एक लांब कील म्हणजे जहाजाचा कणा, तिच्या खाचांत उभे बसणारे ११ बल्कहेड (जहाजाच्या अंगाला आकार देणारे तुकडे), त्यांच्यावर दीड मिलिमीटर जाडीच्या बासवूडच्या पट्ट्यांचा पहिला थर आणि वरून अर्ध्या मिलिमीटरच्या अक्रोडाच्या पट्ट्यांचा दुसरा थर, अशी रचना आहे. भाग लेझरने कापलेले, त्यामुळे मला वाटलं की काढायचे आणि जोडायचे. पण पहिले ४ बल्कहेड खाचेत शिरेनात. खाचा कानसीने मोठ्या केल्या, तर आता ते चारही डुगडुगतात. पुढचे जोर लावून बसवले, तर कीलच वाकल्यासारखी दिसते. अजून कुठेही गोंद लावलेला नाही. उत्सुकता म्हणून एक पट्टी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, वळवून पाहिली, ती कडकन मोडली. हा किट सदोष आहे का? नीट कापता यावं म्हणून विजेवर चालणारी छोटी करवत घ्यावी का? आणि खरं सांगा, हे काम माझ्या हाताला जमण्यासारखं आहे का?

उत्तर

तुमच्या पत्रात एक वाक्य मी पुन्हा वाचलं: अजून कुठेही गोंद लावलेला नाही. काहीतरी बिघडतंय हे जाणवल्यावर तुम्ही थांबलात. या कामाला हात लागतो त्याहून जास्त ही जाण लागते, आणि ती तुमच्याकडे आहे. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: जमेल. आत्ता जे काही झालंय, ते सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

किट सदोष असण्याची शक्यता मला कमी वाटते. लेझरने कापलेला भाग म्हणजे तयार भाग, ही समजूत मात्र सोडून द्या. प्लायवूडवर ५ मिलिमीटर लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ते एक-दोन दशांश मिलिमीटर कमी-जास्त भरतं, आणि दमट हवेत थोडं फुगतंही. खाच मात्र आराखड्यातल्या आकड्याप्रमाणे कापलेली असते. शिवाय लेझरचा किरण लाकडातून अगदी सरळ भिंत कापत नाही. वरच्या बाजूला चर थोडा रुंद, खालच्या बाजूला थोडा अरुंद असा बारीक उतार राहतो. भर म्हणून, भाग शीटमधून पडू नयेत यासाठी सोडलेल्या जोडांचे टोकदार अवशेष कडेला राहतात. या तिन्हींपैकी काहीही बल्कहेडला अडवू शकतं, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तुम्ही खाच सरसकट रुंद केलीत, म्हणजे जिथे अडत होतं तिथलंही लाकूड गेलं आणि जिथे अडत नव्हतं तिथलंही. डुगडुग आली ती त्यातून.

म्हणून पुढच्या बल्कहेडपासून क्रम बदला. कानस बाजूला ठेवा आणि एक मऊ पेन्सिल घ्या, ४बी किंवा ६बी. खाचेच्या आतल्या भिंतींवर ती हलकेच घासून काळपट थर द्या. बल्कहेड हाताने जाईल तेवढाच आत दाबा आणि सरळ बाहेर काढा. जिथे खरोखर अडतंय तिथे बल्कहेडवर काळा डाग उमटेल आणि खाचेतला थर चकाकेल. तेवढाच डाग पॉलिशपेपर चिकटवलेल्या सपाट पट्टीने दोन-तीन वेळा घासा, धूळ झटका, पुन्हा पेन्सिल, पुन्हा दाबून बघा. वाचताना हे कंटाळवाणं वाटेल, पण एका खाचेला फार वेळ लागत नाही. पहिल्या दोन-तीन खाचांनंतर डाग कुठे उमटणार हे तुम्हाला आधीच कळायला लागेल. बहुतेकदा तो खाचेच्या तोंडाशी असतो किंवा तळाच्या कोपऱ्यात, जिथे लेझरने काटकोन न कापता किंचित गोलाई ठेवलेली असते. कोपरा असेल तर पाते टोकाने उभं धरून तो साफ करा, भिंतींना हात लावू नका.

किती घट्ट हवं? बोटांच्या दाबाने आत जावं, कील उलटी धरली तर आपोआप पडू नये, आणि हलकेच डोलवलं की बाहेर यावं. हातोडीचा विचार मनात आला की समजा ते अजून बसलेलं नाही. आणि रुंदीपेक्षा खोलीकडे जास्त लक्ष द्या. ही गोष्ट पहिल्या मॉडेलला जवळपास सगळ्यांच्या नजरेतून सुटते. बल्कहेड तळापर्यंत न टेकता अर्धा मिलिमीटर वर राहिला, तर त्याचा माथाही तेवढाच वर राहतो आणि डेकला तिथे उंचवटा येतो. १:६४ प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर ३२ मिलिमीटर. सगळे बल्कहेड सुके बसवून झाले की त्यांच्या माथ्यावरून एक लांब पातळ पट्टी टाका. ती कुठे उचलली जाते आणि कुठे खाली फट राहते ते बघा. उचलली जात असेल तर त्या बल्कहेडची खाच अजून थोडी खोल करावी लागेल.

आता कील वाकण्याबद्दल. आधी सगळे बल्कहेड काढा आणि नुसती कील काचेवर किंवा एखाद्या खात्रीशीर सपाट जागेवर ठेवा. एकटी असताना ती सरळ असेल, तर दोष घट्ट खाचांचा आहे. प्रत्येक घट्ट बल्कहेड पाचरीसारखा खाच फाकवतो. सगळ्या खाचा कीलच्या वरच्या कडेला असल्याने ती कड लांबत जाते आणि दोन्ही टोकं खाली झुकतात. प्रत्येक खाचेत एक दशांश मिलिमीटर जादा म्हटलं तरी ११ खाचांत मिळून १ मिलिमीटरपेक्षा जास्त होतं, आणि एवढ्या लांबीच्या कीलवर ते डोळ्यांना सहज दिसतं. खाचा वर सांगितल्याप्रमाणे बसवल्या की ही बाक निघून जाईल.

कील एकटी असतानाही डावी-उजवीकडे वळलेली असेल, तर ते प्लायवूडचं स्वतःचं वळण आहे. दोन्ही बाजू ओलसर फडक्याने पुसून घ्या. नुसती आतली बाजू ओली केली तर ती वाळताना पुन्हा वळेल. मग कोरे कागद मध्ये घालून दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवा, वर जड पुस्तकं ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. घाईत काढू नका. वाळल्यावर लगेच जोडणी करायची नसेल तर ती वजनाखालीच राहू द्या. एक सल्ला सगळ्यांसाठी आहे: वाकडी कील पट्ट्या लावताना ओढून सरळ करू, असा विचार कधीही करू नका. पट्ट्यांनी ती सरळ होत नाही, उलट पट्ट्यांचा थर ते वळण कायमचं पकडून ठेवतो.

डुगडुगणाऱ्या चौघांसाठी मोकळ्या खाचेत जास्त गोंद भरण्याचा मोह होईल. तो टाळा. सुताराचा पांढरा गोंद पाणी उडून वाळतो, त्यामुळे आकसतो. दोन लाकडं एकमेकांना भिडलेली असतील तेव्हाच तो खरी ताकद देतो. फट भरणं त्याचं काम नाही. त्याऐवजी लाकडाची पातळ चकती लावा. भाग काढून झाल्यावर उरलेलं प्लायवूडचं शीट तुम्ही टाकलं नसेल अशी आशा आहे. त्याची पातळ ढलपी किंवा दुसऱ्या थराच्या अक्रोडाच्या पट्टीचा तुकडा खाचेच्या एका भिंतीला चिकटवा. कोणत्या भिंतीला? जिथून तुम्ही लाकूड काढलंत त्या. नाहीतर बल्कहेड घट्ट बसेल खरा, पण आपल्या जागेवरून पुढे-मागे सरकलेला असेल, आणि बाजूने पाहिल्यावर त्या ठिकाणी जहाजाची रेषा मोडलेली दिसेल. चकती वाळू द्या आणि पेन्सिलीच्या त्याच पद्धतीने घासत जागेवर आणा. नीट बसवलेली चकती मूळ खाचेइतकीच चांगली असते. यात कमीपणा काही नाही, खऱ्या जहाजांच्या बांधणीतही सुतार पाचरी आणि तुकडे वापरत आले आहेत.

सुकी जोडणी म्हणजे कपडा शिवताना घातलेला कच्चा टाका. सगळे ११ बल्कहेड, डेकची खालची पातळ फळी, पुढचे-मागचे ठोकळे, सगळं गोंदाशिवाय एकदा उभं राहिलंच पाहिजे. त्या अवस्थेत लहान गुण्या घेऊन प्रत्येक बल्कहेड कीलशी दोन्ही दिशांनी काटकोनात आहे का ते तपासा: वरून बघितल्यावर आणि बाजूने बघितल्यावर. गोंद लावताना कील आणि बल्कहेडच्या कोपऱ्यात चौकोनी लाकडाचा छोटा तुकडा बसवला तर काटकोन पुढेही टिकतो. बल्कहेडच्या टोकांच्या मध्ये एकाच लांबीचे अंतर-तुकडे घातले तर पट्ट्यांच्या ताणाने बल्कहेड पिळत नाहीत. किटच्या पुस्तिकेत हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. तरी करा.

गोंद लावण्याआधी अजून एक काम उरतं, आणि ते आत्ताच करायचं, कारण बल्कहेड पक्के झाल्यावर तिथे हात पोचत नाही. कीलचा मागचा-खालचा भाग, जिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या येऊन मागच्या उभ्या खांबाला मिळतात, तो पातळ करावा लागतो. हिशेब सोपा आहे. समजा कील ५ मिलिमीटर जाड आहे आणि मागचा खांबही ५. एका बाजूला पट्ट्यांचे दोन थर म्हणजे दीड अधिक अर्धा, २ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे ४. म्हणजे पट्ट्या खांबाशी सपाट मिळायला हव्या असतील तर त्या कडेला कील १ मिलिमीटरच उरली पाहिजे. ती दोन्ही बाजूंनी सारखी, वर बल्कहेडच्या दिशेने हळूहळू जाड होत जाईल अशा उतारात तासायची. उताराची वरची मर्यादा पेन्सिलीने आधी आखून घ्या, नाहीतर दोन बाजू सारख्या राहणार नाहीत. हे न करता पुढे गेलेली अनेक सुंदर मॉडेलं मी पाहिली आहेत, ज्यांचा मागचा भाग खांबापेक्षा जाड होऊन सुजल्यासारखा दिसतो. इतकी मेहनत घेतलेल्या कामाला एवढ्याशा गोष्टीने बाधा यावी याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

करवतीचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका, निदान या जहाजासाठी तरी नको. तुमची अडचण कापण्याच्या ताकदीची नाही, आणि वेगाने कापणारं यंत्र चुकीच्या जागीही तितक्याच वेगाने कापतं. तेच पैसे कटरच्या भरपूर नव्या पात्यांवर, एका बारीक दातांच्या पातळ करवतीवर, पोलादी पट्टीवर, लहान गुण्यावर आणि एका साध्या व्हर्नियर कॅलिपरवर खर्च करा. पाती बदलण्यात कंजूषी नको. बोथट पात्याला जोर लागतो, जोर लावला की पातं घसरतं, आणि मग लाकूडही जातं आणि बोटही.

शीटमधून भाग काढताना ते दाबून बाहेर ढकलू नका. जोड आधी एका बाजूने, मग शीट उलटवून दुसऱ्या बाजूने पात्याने कापा. ढकलून काढलेल्या भागाच्या मागच्या बाजूचा प्लायवूडचा पदर हमखास सोलून निघतो. काढण्यापूर्वी प्रत्येकावर क्रमांक लिहा, तोही अशा जागी जी पुढे तासली जाणार नाही.

लांब पट्टी उभी चिरताना पातं तुमच्या इच्छेने चालत नाही, लाकडाच्या तंतूंनी चालतं. म्हणून पट्टी उजेडाकडे धरून तंतू कोणत्या दिशेला उतरतात ते बघा आणि अशा दिशेने कापा की पातं भरकटलंच तर टाकाऊ भागात भरकटेल. पोलादी पट्टी कायम हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवा, पातं टाकाऊ बाजूने. पहिला फेरा नुसता ओरखडा काढण्यापुरता, अगदी हलका. त्यानंतरच्या फेऱ्यांना तो ओरखडा वाट दाखवतो. दीड मिलिमीटरच्या पट्टीला चार-पाच हलके फेरे लागले तर ते बरोबरच आहे. आडवं कापायचं असेल तेव्हा पातं तंतू चिरडतं, तिथे बारीक करवत वापरा आणि खाली टाकाऊ लाकूड घट्ट धरा, म्हणजे खालच्या कडेला ढलप्या निघत नाहीत. रेषेच्या अर्धा मिलिमीटर बाहेर थांबा. उरलेलं काम पॉलिशपेपरच्या ठोकळ्याचं, आणि ठोकळा म्हणजे खरोखरच सपाट ठोकळा. हातात नुसता कागद धरून घासलं की कडा गोल होतात आणि गोल कडेचा जोड कधीच बंद होत नाही.

मोजण्याबाबत एक सवय लावून घ्या: शक्य तिथे आकडा मध्ये आणूच नका. आराखड्यावर तुकडा ४२ मिलिमीटर लिहिलेला असेल, पण तुमच्या जहाजावर त्या दोन बल्कहेडमध्ये ४१.६ असेल, तर खरं तुमचं जहाज आहे. तुकडा जागेवर धरा आणि पात्याच्या टोकाने खूण करा. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, पात्याच्या खुणेला नसते. आतलं अंतर घ्यायचं असेल तर दोन पातळ काड्या एकमेकींवर सरकवून दोन्ही टोकांना टेकवा, तिथेच चिमट्याने धरा आणि ती लांबी थेट लाकडावर उतरवा. डेकसारख्या वक्र भागासाठी आधी जाड कागदाचा साचा कापा. कागद तीनदा चुकला तरी काही बिघडत नाही.

आता बल्कहेडच्या बाहेरच्या कडांकडे येऊ, कारण तुमची मोडलेली पट्टी त्यांच्याशीही जोडलेली आहे. बल्कहेड चौकोनी कडेने कापलेला असतो, पण जहाजाचं अंग पुढे आणि मागे निमुळतं होत जातं. पट्टी त्या कडेवर पूर्ण टेकायला हवी असेल तर कड उतारात तासावी लागते. पुढच्या अर्ध्या भागातल्या बल्कहेडची पुढची कड, मागच्या अर्ध्या भागातल्यांची मागची कड. मध्यभागाकडची कड हात न लावता ठेवायची. इथे लेझरने जळालेला काळा रंग तुमचा मोठा मदतनीस आहे. काळी कड मध्याच्या बाजूला बारीक रेघेसारखी शिल्लक राहीपर्यंत तासा आणि रेघ पुसट व्हायच्या आत थांबा. रेघ आहे तोवर बल्कहेडचा मूळ आकार शाबूत आहे. कडांवरचं काळं आधीच घासून साफ करू नका, हे त्यासाठीच सांगतोय. खाचांच्या आतलं आणि जिथे गोंद लागणार तिथलं काळं मात्र हलकं घासून काढा, कारण जळालेल्या थरावर गोंदाची पकड कमी बसते.

तासायला किमान तीन बल्कहेडांवर एकदम टेकेल एवढी लांब, किंचित लवचिक पट्टी घ्या आणि तिला १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. एकेक बल्कहेड सुटा घासला तर प्रत्येकाचा उतार वेगळा होतो. मधून मधून किटमधलीच एक पट्टी पुढून मागे लावून बघा. ती सगळ्यांवर निवांत टेकली पाहिजे. कुठे फट दिसली तर तो बल्कहेड खोल गेलाय, तिथे पट्टीचा पातळ तुकडा चिकटवून पुन्हा तासा. कुठे कोपऱ्यावरच टेकत असेल तर उतार कमी पडतोय. अशा कोपऱ्यावरून वळवलेली पट्टी एका बिंदूवर वाकते आणि तिथेच मोडते. नाळेच्या दोन्ही बाजूंना बाल्सा किंवा तसल्याच मऊ लाकडाचे ठोकळे बसवून आकारात तासले तर पट्टीला तिथे सलग आधार मिळतो. किटमध्ये ठोकळे नसले तरी ते करून घ्या.

पट्टी मोडण्याची दुसरी कारणं म्हणजे कोरडी वळवणं आणि तिरपे तंतू. पट्टीच्या कडेकडे बघा. तंतू टोकापासून टोकापर्यंत समांतर जात असतील तर ती वळणासाठी ठेवा. तिरपे होऊन कडेतून बाहेर पडत असतील तर ती मधल्या सरळ भागात वापरा. वळवणारी खरी शक्ती उष्णतेची असते. ओलसर लाकूड १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन नरम होतं, आणि थंड झाल्यावर नव्या आकारात पुन्हा कडक होतं. बासवूडची पट्टी १५-२० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग इस्त्रीच्या कडेवर किंवा गरम हवेच्या झोताखाली हळूहळू वळवा. हव्या त्यापेक्षा थोडं जास्तच वळवा, कारण ती थोडी परत येते. एका साच्यावर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या. ओली पट्टी कधीच चिकटवू नका. लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं आणि वाळल्यावर आकसतं, त्यामुळे आज बंद दिसणारे सांधे उद्या उघडे पडतात. अक्रोड बासवूडपेक्षा ठिसूळ आहे, त्याला जास्त सबुरी लागेल. पण अर्धा मिलिमीटर जाडीत तो ऐकतो.

पट्ट्यांच्या रुंदीचा हिशेब पहिली पट्टी लावण्याआधी करा. कागदाची फीत घेऊन मधल्या बल्कहेडवर डेकपासून कीलपर्यंतचा घेर मोजा. समजा तो १०० मिलिमीटर आला आणि पट्टी ५ मिलिमीटरची असेल, तर एका बाजूला २० पट्ट्या. पुढच्या शेवटच्या बल्कहेडवर घेर ६० आला तर त्याच २० पट्ट्या तिथे ३ मिलिमीटर रुंदीच्या व्हायला हव्यात, म्हणजे प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करायची. मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमी करू नका. घेर ४५ आला, म्हणजे वाट्याला २.२५ येत असेल, तर दोन पट्ट्यांच्या जागी पुढे एकच जाईल अशी योजना करावी लागते. मागे उलट, घेर वाढत असेल तर मध्ये निमुळता तुकडा भरावा लागतो. डावी-उजवी जोडी एकत्र धरून निमुळती करा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. लावतानाही एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळी एक बाजू आधी पूर्ण केली तर तिच्या ताणाने इतक्या कष्टाने सरळ केलेली कील पुन्हा पिळेल.

गोंदाबद्दल थोडक्यात. सांगाड्याला पांढरा गोंदच वापरा. त्यात जुळवाजुळवीला काही मिनिटं मिळतात आणि चुकलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जोड नरम करून उघडता येतो. मात्र खोलीत हवा खेळती ठेवा आणि जवळ ज्योत नको. सुपरग्लू पट्टीचं टोक पटकन धरून ठेवायला ठीक आहे, पण तो ठिसूळ असतो आणि दिसणाऱ्या लाकडावर सांडला तर तिथे रंग किंवा तेल मुरत नाही. आणि तासताना मास्क लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गणलं आहे. छंद वर्षानुवर्षं चालतो, म्हणून ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची.

मोडलेली पट्टी टाकू नका. खऱ्या जहाजावरच्या फळ्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अखंड नसायच्या. ६-७ मीटरची फळी तुमच्या १:६४ प्रमाणात साधारण १० सेंटीमीटरची होते. त्यामुळे तुकडे जोडून लावलेली ओळ दिसायला अधिक खरी वाटते. दोन तुकड्यांचा सांधा बल्कहेडच्या कडेवरच आणा, दोघांच्या मध्ये अधांतरी नको. शेजारच्या ओळीचा सांधा त्याच बल्कहेडवर घेऊ नका. एका बल्कहेडवर पुन्हा सांधा यायच्या आत मध्ये किमान ३ अखंड ओळी जाऊ द्या.